पाकिटातील चित्रे आणि त्यांचे राखणदार

मनुष्य जी वस्तू टिकावी म्हणून निर्माण करतो ती पुष्कळदा टिकत नाही. आणि जी टाकून देण्याकरिताच केलेली असते, ती कधीकधी पिढ्यान् पिढ्या राहते. आपल्याकडे जुन्या दप्तरांचे किती तरी कागद वाण्याच्या पुड्यांना गेले, आणि जे वाचले ते कोणा तरी चिकाटीच्या माणसाने वेळेवर उचलले म्हणूनच वाचले. ज्याला मोल आहे असे कोणी मानीत नाही, त्याचा सांभाळ करणारा मनुष्य बहुधा एकटा असतो, आणि त्याच्या हयातीत लोक त्याला छांदिष्टच समजतात. अमेरिका आणि इंग्लंड या दोन देशांत सिगारेटच्या पाकिटातून निघणाऱ्या चित्रांच्या कार्डांचा इतिहास पाहिला, म्हणजे या गोष्टीचे प्रत्यंतर येते. दीड इंचाहून कमी रुंद व अडीच इंचांहून थोडे अधिक उंच असा हा पुठ्ठ्याचा तुकडा. त्याने एक मोठा व्यापार वाढविला. तो व्यापार बदलला, त्याची जुनी नावे पुसली गेली, परंतु हा तुकडा राहिला. तो का राहिला, हाच येथे विचाराचा विषय आहे.

गिऱ्हाइकाला मालाबरोबर चित्र देण्याची युक्ती सिगारेटवाल्यांची नव्हे. पॅरिसमधील मोठी दुकाने एकोणिसाव्या शतकातच येणाऱ्यांच्या मुलांना रंगीत चित्रे वाटीत असत; आणि मांसाचा अर्क विकणाऱ्या लीबिग कंपनीने १८७० नंतरच्या काळात सहा-सहा चित्रांचे संच काढून ते युरोपभर प्रसिद्ध केले होते. परंतु या युक्तीला खरे बळ आले ते अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतातील रिचमंड शहरात. तेथे अ‍ॅलन अँड गिंटर या नावाची तंबाखूची पेढी होती. त्या वेळी सिगारेट कागदाच्या मऊ पाकिटात विकली जाई. पाकीट दबले की आतील सिगारेट चेपत. म्हणून पाकिटात पुठ्ठ्याचा एक ताठ तुकडा घालण्याची चाल होती. हा तुकडा कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर काय बिघडले, असा विचार कोणाच्या तरी मनात आला, आणि १८८० नंतरच्या दशकात पाकिटापाकिटातून चित्रे निघू लागली.

या विचाराला काळही अनुकूल होता. सिगारेट तोपर्यंत हाताने वळली जाई. जेम्स बॉन्सॅक या तरुणाने सिगारेट वळणारे यंत्र तयार करून १८८१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले, आणि जेम्स ड्यूक या कारखानदाराने ते यंत्र आपल्याकडे बसविले. शेकडो हातांचे काम एक यंत्र करू लागले, तेव्हा माल कसा करावा हा प्रश्न मागे पडून तो खपवावा कसा हा प्रश्न पुढे आला. एका पेढीच्या सिगारेटीत आणि दुसरीच्या सिगारेटीत तसा फारसा भेद नव्हता. मग गिऱ्हाइकाने हेच पाकीट का घ्यावे? याचे उत्तर त्या चित्राने दिले. याच सुमारास रंगीत शिळामुद्रणाची कला पूर्णत्वास पोचली होती. एका दगडावरून एक रंग, याप्रमाणे अनेक रंग एकावर एक चढवून तैलचित्रासारखा उठाव साधता येई. ज्या कलेने आपल्याकडे राजा रविवर्म्याच्या देवदेवता घरोघरी भिंतीवर आणल्या, त्याच कलेने तिकडे पहिलवान, खेळाडू, पक्षी, निशाणे आणि राजेरजवाडे यांना लोकांच्या खिशात आणून सोडले.

अ‍ॅलन अँड गिंटरने १८८७ साली ‘जगातील अजिंक्यवीर’ अशा अर्थाच्या नावाचा पन्नास कार्डांचा संच काढला. त्यात बेसबॉलचे दहा खेळाडू होते. बाकीच्यांत मुष्टियोद्धे, कुस्तीगीर, नावाडी, नेमबाज असे नाना प्रकारचे लोक होते. या कार्डांत मर्माची गोष्ट चित्राच्या पाठीमागे होती. तेथे संचातील सर्व नावांची यादी छापलेली असे. ज्याच्या हातात एक कार्ड आले त्याला उरलेली एकोणपन्नास कोणती हे त्याच क्षणी कळे. हातात एक चित्र आणि मनात एकोणपन्नास रिकाम्या जागा! चित्र फुकट मिळत होते. परंतु त्या रिकाम्या जागा भरण्याकरिता पाकीट विकत घ्यावे लागे. पाकिटात कोणते कार्ड निघेल हे मात्र दुकानदारालाही ठाऊक नसे. ठराविक कूपने जमवून पाठविली असता पेढी चित्रांचे सुंदर पुस्तकही देई.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने संच म्हणजे एक आकडा होता, आणि गिऱ्हाईक त्या आकड्यात अडकावे एवढाच त्याचा हेतू होता. परंतु अपुरेपणाची जाणीव ही मोठी चमत्कारिक शक्ती आहे. ज्याच्याजवळ एकेचाळीस कार्डे आहेत तो मुलगा उरलेल्या नवांसाठी शेजारच्या मुलाकडे जातो. आपल्याजवळचे दुसरे देऊन त्याचे जास्तीचे घेतो. कोणते दुर्मिळ, कोणते विपुल याची नोंद ठेवतो. आणि नकळत देवघेव, तुलना, वर्गीकरण या गोष्टी शिकतो. व्यापाऱ्याने लावलेल्या सापळ्यातूनच संग्राहकांची एक जात निर्माण झाली. पुढील साठ-सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे या दोघांच्या परस्परविरुद्ध हेतूंचा इतिहास होय.

ही कार्डे म्हणजे केवळ स्पर्धेतील शस्त्र होते, याचा पुरावा लवकरच मिळाला. १८९० साली ड्यूकने अमेरिकेतील पाच मोठ्या पेढ्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन केली. प्रतिस्पर्धीच उरले नाहीत, तेव्हा चित्रांवर पैसा खर्च करण्याचे प्रयोजनही उरले नाही. थोड्याच वर्षांत अमेरिकन पाकिटातील चित्रे जवळजवळ नाहीशी झाली. ज्या मुलांचे संच अर्धवट राहिले त्यांची दाद घेणारे कोणी नव्हते. पुढे नवी स्पर्धा उभी राहिली तेव्हा चित्रेही परत आली. १९०९ ते १९११ या तीन वर्षांत या कंपनीने आपल्या सोळा छापांच्या पाकिटांतून बेसबॉलच्या खेळाडूंची एक प्रचंड मालिका काढली. तीत ५२० हून अधिक निरनिराळी कार्डे आहेत. या मालिकेत एक मोठी उणीव होती: कार्डांना क्रमांकच नव्हते. पाठीवर ‘दीडशे विषय’, ‘साडेतीनशे विषय’ एवढेच मोघम लिहिलेले असे. संच कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे कंपनीनेही कधी सांगितले नाही. १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदार कंपनी मोडून काढण्याचा हुकूम दिला, आणि मालिकेचा जन्मदाताच त्या रूपात नाहीसा झाला.

इकडे इंग्लंडात हीच गोष्ट निराळ्या थाटाने घडत होती. ब्रिस्टलच्या विल्स पेढीने प्रथम जाहिरातीची कार्डे घातली. नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेयर अँड सन्स या पेढीने १८९३ साली किल्ले आणि मठ यांच्या चित्रांचा संच काढला. १८९५ मध्ये विल्सने जहाजे व सैनिक असे विषय घेतले. १९०१ साली अमेरिकेच्या ड्यूकने लिव्हरपूलची ऑग्डेन पेढी विकत घेऊन इंग्लंडच्या बाजारात पाऊल टाकले, तेव्हा घाबरलेल्या तेरा इंग्रज पेढ्यांनी एकजूट करून इंपीरियल टोबॅको कंपनी उभारली. दोन्ही पक्षांत जे युद्ध जुंपले त्यात पाकिटातील चित्रांचा अक्षरशः पूर आला. ऑग्डेनने छायाचित्रांची कार्डे हजारोंनी काढली. १९०२ साली तह झाला, आणि परदेशच्या व्यापारासाठी ब्रिटिश अमेरिकन टोबॅको ही संयुक्त कंपनी जन्मास आली.

या तहाचा धागा हिंदुस्थानापर्यंत पोचतो. इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया ही संस्था १९१० साली कलकत्त्यास स्थापन झाली, आणि विल्सची ‘सिझर्स’, म्हणजे कात्रीच्या छापाची सिगारेट या देशात खपू लागली. त्या छापाच्या पाकिटातून निघालेल्या संचांपैकी एक हिंदी पलटणींचा होता. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हुकुमाखाली लढणाऱ्या शिपायांचे फेटे, गणवेश आणि निशाणे त्यात रंगविलेली होती. या चित्रांकडे आजच्या दृष्टीने पाहिले तर साम्राज्याच्या मालकाने आपल्या मालमत्तेची केलेली ती एक मोजदादच वाटते. त्या काळच्या अनेक संचांत निरनिराळ्या देशांतील लोकांचे ‘नमुने’ अशाच तऱ्हेने मांडलेले आढळतात. कित्येकदा त्यात अज्ञान असते, कित्येकदा उघड तुच्छता. परंतु म्हणूनच ती कार्डे इतिहासाला मोलाची आहेत. सरकारी अहवाल विचारपूर्वक लिहिला जातो. पाकिटातील चित्र मात्र लोकांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन काढलेले असते. एका काळाचे सर्वसामान्य मन त्यात बेसावधपणे उमटते.

इंग्लंडातील कार्डांच्या पाठीवर हळूहळू चित्राची माहिती छापण्याची प्रथा पडली. फुलझाडे, पक्षी, आगगाड्या, विमाने, घरदुरुस्तीच्या युक्त्या, क्रिकेटपटू, राजघराणी—असा एकही विषय राहिला नाही. ज्या घरात ज्ञानकोश विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या घरातील मुलाने जगाची पहिली ओळख या तुकड्यांवरून करून घेतली. सिगारेटच्या दुकानाबाहेर मुले उभी राहत, आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येक गृहस्थाजवळ कार्ड मागत. शाळेच्या आवारात भिंतीवर कार्डे फेकून जिंकण्याहरण्याचे खेळ चालत.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्ञानाचा हा प्रसाद ज्या द्रोणात मिळत होता तो द्रोण विषाचा होता. तंबाखूच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे १९५० नंतरच्या संशोधनाने निर्विवाद सिद्ध झाले आहे. पाकिटातील चित्राने किती मुलांना पक्ष्यांची नावे शिकविली हे जसे सांगता येणार नाही, तसेच किती मुलांच्या हाती त्या चित्रानेच पुढे सिगारेट दिली हेही मोजता येणार नाही. चित्राच्या गोडीने हा हिशेब झाकून टाकणे योग्य नव्हे. विशेष हे की, या मालिकांतील सर्वांत प्रसिद्ध कार्डाची कथा याच प्रश्नाशी निगडित आहे.

होनस वॅग्नर हा पिट्सबर्ग संघाचा बेसबॉलपटू. आपल्याकडे क्रिकेटला जी लोकप्रियता आहे ती अमेरिकेत त्या काळी बेसबॉलला होती, आणि वॅग्नर हा त्या खेळाचा शिरोमणी मानला जाई. १९०९ च्या मालिकेत त्याचे चित्र छापले गेले. परंतु त्याने परवानगी नाकारली, आणि छपाई थांबविण्यात आली. १९१२ साली एका क्रीडासाप्ताहिकात यासंबंधी मजकूर आला. पिट्सबर्गच्या एका वृत्तपत्रलेखकाला, वॅग्नरची संमती मिळवून दिल्यास दहा डॉलर मिळावयाचे होते. वॅग्नरने त्याला उत्तरी कळविले की आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात यावे अशी आपली इच्छा नाही. आणि त्या लेखकाचे नुकसान होऊ नये म्हणून पत्रासोबत स्वतःचा दहा डॉलरचा चेक पाठविला. लहान मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घेऊ नये अशी त्याची भावना होती, असे पुष्कळ लोक मानतात. चित्राचा मोबदला त्याला अपुरा वाटला असावा, असे म्हणणारेही आहेत. तो स्वतः तंबाखूचा शौकीन होता, ही गोष्टही नाकारता येत नाही. हेतू कोणताही असो. त्या कार्डाच्या केवळ पन्नास-साठ प्रती आज ज्ञात आहेत. ज्याने संचात राहण्याचे नाकारले, त्याच्यामुळेच तो संच जगप्रसिद्ध झाला!

गैरहजर कार्डाचे हे माहात्म्य इतरत्रही दिसते. १९१५ साली वॉटर्लूच्या लढाईला शंभर वर्षे होत होती, म्हणून विल्सने त्या लढाईचा संच तयार केला. परंतु त्याच वेळी इंग्रज आणि फ्रेंच खांद्याला खांदा लावून जर्मनांशी लढत होते. मित्राच्या जुन्या पराभवाचा उत्सव कसा करावा? संच बाहेर काढलाच नाही. १९३६ साली आठव्या एडवर्ड राजाच्या चरित्राचा संच सज्ज झाला, आणि डिसेंबरात राजानेच सिंहासन सोडले. तो संचही थांबविण्यात आला. या दोन्ही संचांच्या ज्या मोजक्या प्रती कारखान्यातून बाहेर निसटल्या त्यांचा शोध संग्राहक पुढे कित्येक वर्षे करीत राहिले. राजकारणाचे चढउतार असे पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उमटलेले आहेत.

अमेरिकेत पुढे सिगारेटची जागा च्युइंगगमने घेतली. बॉस्टनच्या गाउडी कंपनीने १९३३ साली बेसबॉलच्या २४० कार्डांचा संच काढला. त्याला क्रमांक होते. पण १०६ क्रमांकाचे कार्ड कोणालाच सापडेना. मुलांनी कंपनीकडे पत्रे पाठविली. ते कार्ड छापलेलेच नव्हते. तक्रार करणाऱ्यांना पुढील वर्षी, १९३४ साली, नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचे १०६ क्रमांकाचे कार्ड टपालाने पाठविण्यात आले. येथे व्यापारी आणि संग्राहक यांचे नाते बदललेले दिसते. संच पुरा करण्याचे जे वचन व्यापाऱ्याने केवळ गंमत म्हणून दिले होते, ते पाळावयास गिऱ्हाइकाने त्याला भाग पाडले.

परंतु सगळ्याच व्यापाऱ्यांना असे भाग पाडता येण्यासारखे नव्हते. बऱ्याच पेढ्या बुडाल्या होत्या, कित्येक दुसऱ्या पेढ्यांत विलीन झाल्या होत्या, आणि कोणी किती कार्डे काढली याच्या नोंदी कोठेच राहिल्या नव्हत्या. १९४० साली महायुद्धामुळे कागदाची टंचाई झाली आणि इंग्लंडातील पाकिटांतून कार्डे घालणे बंद पडले. आता या मालिकांचा वारसा सांगावयाचा तर तो संग्राहकांनीच सांगणे प्राप्त होते. इंग्लंडात कर्नल बॅग्नल याने १९२७ साली लंडन सिगारेट कार्ड कंपनी स्थापन करून सुटी कार्डे आणि संच विकण्याचा धंदा आरंभिला होता. १९३८ साली संग्राहकांची एक सभाही तेथे स्थापन झाली. जुन्या पेढ्यांच्या याद्या शोधून प्रसिद्ध करणे हे काम या सभेने नेटाने चालविले.

अमेरिकेत हेच काम एका मनुष्याने जवळजवळ एकट्याच्या बळावर उभे केले. त्याचे नाव जेफर्सन बर्डिक. १९०० साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला हा गृहस्थ सिराक्यूज शहरात विजेची उपकरणे करणाऱ्या एका कारखान्यात जुळणीचे काम करी. तो श्रीमंत नव्हता, प्रसिद्ध नव्हता. लग्न केले नव्हते. आणि ऐन उमेदीत त्याला संधिवाताने गाठले. हाताची बोटे वाकडी होत चालली. अशा हातांनी तो फावल्या वेळात जुनी कार्डे मिळवी, न्याहाळी आणि त्यांची नोंद करी. १९३७ पासून त्याने संग्राहकांसाठी एक लहानसे पत्र काढले, आणि १९३९ साली अमेरिकेतील कार्डांची पहिली मोठी सूची प्रसिद्ध केली. तीच पुढे वाढत जाऊन ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ या नावाने प्रमाणभूत ठरली.

या सूचीची योजना अगदी साधी आहे. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘एन’, विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, जुन्या मिठाईच्या कार्डांना ‘ई’, आणि अलीकडील मिठाई व गमच्या कार्डांना ‘आर’ अशी अक्षरे देऊन प्रत्येक संचाला एकेक क्रमांक लावला. अ‍ॅलन अँड गिंटरचे अजिंक्यवीर ‘एन-२८’ झाले. गाउडीचा संच ‘आर-३१९’ झाला. आणि ज्या मालिकेला तिच्या जन्मदात्याने नावही दिले नव्हते, क्रमांकही दिले नव्हते, ती ‘टी-२०६’ झाली. आज कोट्यवधींची बोली पुकारणारा लिलाववाला हेच नाव उच्चारतो. कंपनीचे नाव विस्मृतीत गेले; कारखान्यात जुळणी करणाऱ्या एका कामगाराने घातलेले नाव मात्र राहिले.

आपला संग्रह आपल्यामागे विखुरला जाऊ नये, हा बर्डिकला लागलेला घोर होता. त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन कलासंग्रहालयाकडे तो देऊ केला. तेथील मुद्राचित्रविभागाचा प्रमुख हायट मेयर हा रसिक आणि दूरदृष्टीचा अधिकारी होता. ज्या संग्रहालयात जगद्विख्यात चित्रकारांच्या कृती ठेवल्या जातात तेथे सिगारेटची कार्डे घ्यावी की नाही, असा प्रश्न दुसऱ्याने केला असता. परंतु सामान्य लोकांच्या नजरेखालून गेलेले चित्र हेही त्या काळाच्या कलेचे साक्षीदार आहे, हे मेयरने ओळखले. अट एकच होती: हे सर्व लावून देण्याचे काम बर्डिकनेच करावे, कारण दुसऱ्या कोणाला ते साधणारे नव्हते. १९४७ पासून कार्डे संग्रहालयाकडे जाऊ लागली. संग्रह साधासुधा नव्हता. त्यात तीन लाखांहून अधिक नग होते, आणि त्यांपैकी तीस हजारांहून अधिक बेसबॉलची कार्डे होती. शिवाय जाहिरातीची कार्डे, पोस्टकार्डे, शुभेच्छापत्रे अशा नाना वस्तू होत्या.

दुखणे वाढत गेले तेव्हा बर्डिक न्यूयॉर्कलाच येऊन राहिला. संग्रहालयाच्या एका कोपऱ्यात त्याला एक मेज मिळाले. तेथे बसून तो एकेक कार्ड आपल्या जागी लावी आणि वहीच्या पानावर चिकटवी. काम आधी संपते की आयुष्य, अशी ही शर्यत होती, आणि ती त्याला पुरती ठाऊक होती. १० जानेवारी १९६३ रोजी सायंकाळी त्याने शेवटचे कार्ड लावले, अंगात कोट चढविला, आणि आपण आता परत येणार नाही असे सांगून तो निघाला. दुसऱ्याच दिवशी तो रुग्णालयात दाखल झाला, आणि १३ मार्च १९६३ रोजी त्याचे देहावसान झाले. त्याच्या संग्रहात ते वॅग्नरचे दुर्मिळ कार्डही आहे. बर्डिकच्या सूचीत त्या कार्डाची किंमत ५० डॉलर दिली होती, आणि त्या काळी तीच सर्वांत मोठी समजली जात असे.

इंग्लंडात एडवर्ड व्हार्टन-टायगर हा त्याचा समानधर्मी होऊन गेला. १९१३ साली जन्मलेला हा गृहस्थ खाणीच्या धंद्यातील मोठा अधिकारी होता. बर्डिकच्या आणि त्याच्या ऐहिक परिस्थितीत जमीनअस्मानाचे अंतर. परंतु व्यसन एकच. १९९५ साली तो वारला तेव्हा वीस लाखांहून अधिक कार्डांचा त्याचा संग्रह ब्रिटिश म्यूझियमला मिळाला. एक गरीब कामगार आणि एक धनवान अधिकारी, अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर, एकमेकांहून अगदी निराळे आयुष्य जगून एकाच निश्चयावर आले: संग्रह विकावयाचा नाही, तो सर्वांचा करावयाचा.

याच्या उलट चित्र बाजारात पाहावयास मिळते. वॅग्नरचे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरांना विकले गेले. त्याच कार्डाच्या दुसऱ्या एका सुप्रसिद्ध प्रतीला १९९१ साली ४ लाख ५१ हजार, आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलर मिळाले होते. तिच्या कडा कशा धारदार आणि निर्दोष आहेत याचे सर्वत्र कौतुक होत होते. पुढे २०१३ साली ज्या विक्रेत्याच्या हातून ती गेली होती त्याने न्यायालयात कबूल केले की त्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. जेथे कडेच्या केसभर झिजेवर लक्षावधींचा फरक पडतो तेथे हात कात्रीकडे जाणारच. बर्डिकने मात्र आपली कार्डे वहीत चिकटवून टाकली. बाजाराच्या दृष्टीने ही केवढी नासाडी! चिकटविलेल्या कार्डाची किंमत घसरते. पण त्यामुळेच कार्डांची जागा ठरली; कोणते कोणाच्या शेजारी आणि का, हे पुढच्या माणसाला कळले. एकाने कार्डाची किंमत वाढविण्यासाठी त्याला कापले, दुसऱ्याने त्याचा अर्थ राखण्यासाठी त्याची किंमत घालविली.

तेव्हा या जुन्या मालिकांचा वारसा कोणता? लिलावातील आकडे हा वारसा नव्हे. ते आज चढतात, उद्या उतरतात. व्यापाऱ्याने मुलाच्या मनात रिकाम्या जागा निर्माण केल्या त्या त्याचा खिसा रिकामा करण्यासाठी. त्या मुलांपैकी काहींनी त्या जागा भरता भरता एका लोप पावणाऱ्या काळाची सूची तयार केली. आणि ज्यांनी ही चित्रे काढली, छापली, वाटली व विसरूनही गेले, त्यांचे काम त्यांच्यापेक्षा अधिक निष्ठेने सांभाळले. आज कोणी विद्यार्थी १८८७ सालच्या पोशाखाचा, खेळाचा किंवा छपाईचा अभ्यास करू लागला, तर त्याला त्या वह्या उघडून पाहता येतात. पान उलटले की वाकड्या बोटांनी सरळ रेषेत लावलेली कार्डे दिसतात. प्रत्येक आपल्या ठिकाणी आहे, आणि जेथे एखादे मिळाले नाही तेथे त्याची जागा मोकळी आहे.